वीस थाप्या थांबल्या

मित्रांनो, मी एक जुनी थापी आहे. गच्चीवरचा ओला चुना ठोकून घट्ट करायची, मूठ असलेली चपटी फळी. अंग बाभळीचं आणि स्वभावही तसाच, न वाकणारा. मला पुसून जपून ठेवा, असं रडगाणं गायला मी आलेली नाही. मला एका माणसाबद्दल सांगायचंय. 'कामातून गेला' म्हणून त्याला टाकून देणार होते.

निजामाच्या राज्यातलं अडतीस साल असेल. पुसेगावजवळच्या तांड्यातल्या भावसिंगनं मला तासलं आणि आपल्या मावसभावाला, खेमाला दिलं. दोघं औंढ्याला एका धर्मशाळेच्या बांधकामावर होते. खेमा गाणं सांगायचा आणि त्या तालावर बाया-माणसांच्या वीस थाप्या एकदम पडायच्या. मुकादम दगडोबासुद्धा खाली उभा राहून मान डोलवायचा. मला तेव्हा भारी मिजास होती.

एके दुपारी भिंतीला लावलेल्या परांचीची बल्ली, म्हणजे आधाराचा वासा, मोडली आणि खेमा वरून पडला. जागीच गेला. त्या परांचीच्या गाठी भावसिंगनं बांधल्या होत्या.

त्या दिवसापासून भावसिंगचा आवाज बंद झाला. भाकरी हातात धरून तो तसाच बसायचा. दगड उचलायला गेला की तसाच खाली ठेवायचा. लोक वाईट नव्हते. त्यांनी त्याला काम सांगणं सोडलं, त्याच्यासमोर खेमाचं नाव काढणं सोडलं आणि मला चुन्याच्या पोत्यांमागे लपवलं. का, तर त्याला खेमाची आठवण नको. जणू तो विसरला होता! तो एकटाच पलीकडच्या अर्धवट भिंतीवर जाऊन खाली बघत बसू लागला. पोत्यांच्या फटीतून मला ते दिसायचं.

मुकादम म्हणाला, "डोस्कं फिरलंय त्याचं. तांड्यावर धाडून द्या."

तेराव्यानंतर खेमाची बायको नानीबाई कामावर आली. तिनं आधी भावसिंगला भिंतीवरून उठवलं, मग मला पोत्यांमागून ओढून काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"भावजी, माझ्या बाजूला बसा," एवढंच ती म्हणाली.

गच्चीवर ओळ बसली. भावसिंगचा हात वर जायचा आणि तिथंच अडकायचा. ताल तुटला. मुकादम ओरडला, "चुना वाळून राहिला! उठवा त्याला!"

नानीबाईनं आपली थापी खाली ठेवली. मग सगळ्या ओळीनं आपापल्या थाप्या ठेवल्या. नानीबाई म्हणाली,

"त्यो उठला तर आमी बी उठतो, मुकादम. न्हाई तर त्याच्या हाताबराबर ठोकू. जसं व्हईल तसं."

ओला चुना कुणासाठी थांबत नाही, हे मुकादमाला ठाऊक होतं. तो बाजूला झाला. भावसिंगचा हात खाली येईपर्यंत सगळ्या थाप्या वाट बघू लागल्या. इतकं हळू काम मी कधी केलं नव्हतं आणि इतक्या तोऱ्यातही कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ठोकता ठोकता तो बोलला, "वहिनी, गाठ मी बांधली व्हती."

"गाठ सुटलीच न्हाई, भावजी. मी जाऊन पाह्यलं. अजून तशीच हाय. बल्ली आतून किडलेली व्हती." मग नानीबाई मुकादमाकडे वळली. "किडकी बल्ली काहून दिली, ते तुमी सांगा."

भावसिंग मला छातीशी धरून ढसाढसा रडला. कुणी त्याला 'गप' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून, नव्या बल्ल्या येईपर्यंत, एकही माणूस परांचीवर चढला नाही.

भावसिंग काही एकदम बरा झाला नाही. मधूनच हात वर अडकायचा, त्या दिवशी ओळ हळू चालायची. काम संपत आलं तेव्हा त्यानं खेमाचं गाणं सांगायला घेतलं, अर्ध्यात विसरला आणि नानीबाईनं पुढचे शब्द दिले.

आता अठ्ठेचाळीस साल संपत आलंय. निजामाचं राज्य गेलं, सिमेंट आलं, माझी मूठ फुटली. नानीबाईच्या चुलीशी पडून आहे. उद्या चुलीत गेले तरी माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या ओळीत कुणाचा हात वर अडकला, तर त्याला एकट्याला बसवू नका, घरी धाडू नका. आपला हात थांबवा. चुना वाळतोय म्हणून कुणी ओरडला, तर खुशाल ओरडू द्या. आमच्या त्या गच्चीवर दहा पावसाळे गेले, अजून एक थेंब गळलेला नाही.