मोठं नाव, मोठी नाव

उदाजीराव जगदाळे फोनवर बोलत नसत, फर्मावत. ऐकणाऱ्यानं उभं राहून ऐकावं अशी त्यांची अपेक्षा असावी, कारण देवासच्या गिअर कारखान्यातल्या अक्षत शेलारला त्यांचा फोन आला तेव्हा तो खुर्चीवरून आपसूक उठला.

"वैभवीनं तुमच्याबद्दल सांगितलं," धारहून आवाज आला. "आमचं नाव मोठं आहे. चार पिढ्या झाल्या, आम्ही ते बुडू दिलं नाही. आता ते पुढे ओढून नेणारा कोणी पाहिजे. तेवढा जोर असेल तर रविवारी वडिलांना घेऊन या. कशाच्या बळावर ओढणार, ते समोर बसून सांगा. नसेल जोर, तर येऊ नका. चहा आम्ही एकटे पिऊ."

फोन बंद झाला आणि घोटाळा सुरू झाला.

अक्षतची बाजूही ऐकून घ्यायला हवी. त्याचं शिक्षण पहिलीपासून हिंदीत. घरात मराठी होती, पण ती भाजी वाढ आणि दार लाव एवढ्यापुरती. हिंदीत माणसाला नाम असतं आणि नदीत नाव असते. 'तुझं नाव काय' हे त्याला कळत होतं, नाही असं नाही. पण जे बुडतं, जे ओढावं लागतं आणि ज्याला जोर लागतो, ते होडीशिवाय दुसरं काय असणार? शिवाय वैभवीच्या फोनवर तिचा महेश्वरचा फोटो होता, नर्मदेत, होडीत बसून काढलेला. 'मोठी नाव' म्हणायचं सोडून वैभवीचे वडील, म्हणजे आबासाहेब, 'मोठं नाव' का म्हणाले, हे त्याला क्षणभर खटकलं. पण धारचं जुनं सरदार घराणं. त्यांच्याकडे ताटवाट्या जुन्या तशी मराठीही जुनी असेल, असं म्हणून त्यानं ती शंका झटकून टाकली.

त्यानं वैभवीला फोन लावला. दोघं इंदूरच्या कॉलेजात बरोबर होते, आणि एकमेकांशी हिंदीतच बोलत.

"सुन, तुम्हारी नाव सच में इतनी बड़ी है?"

पलीकडून हसू ऐकू आलं. ते बराच वेळ चाललं.

"बहुत बड़ी है," वैभवी शेवटी म्हणाली. "पूरा घर उसी के नीचे दबा पड़ा है. खींच लेगा?"

"खींच लूँगा. इंजन ढूँढना पड़ेगा बस."

"तू ढूँढ," वैभवी म्हणाली. मग जरा गंभीर झाली. "और अच्छे से ढूँढना, अक्षत. आबासाहेब दूसरी बार किसी को नहीं बुलाते."

म्हणजे जे काही होतं ते या एका रविवारावर होतं. वैभवी मिळेल, नाहीतर चहासुद्धा मिळणार नाही. अक्षत तडक वडिलांकडे गेला.

विठोबा शेलार कऱ्हाडकडचे. तरुणपणी देवासला नोकरीसाठी आले, इंजिनाच्या कारखान्यात फोरमन होऊन निवृत्त झाले, आणि तेव्हापासून त्यांना कोणी काही विचारेनासं झालं होतं. बायको, अलकाताई, विचारत, पण ते कोथिंबीर आणली का एवढंच. अशा माणसासमोर मुलगा येऊन म्हणतो, "बाबा, धारवाल्यांची नाव खूप मोठी आहे, ती ओढायला पिकअप पाहिजे, इंजिन कोणतं घेऊ?" विठोबांनी टीव्ही बंद केला. मॅच चालू होती, तरी बंद केला.

"वजन किती?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"लांबी?"

"चार पिढ्यांची आहे म्हणाले."

"म्हणजे सागवानी. जड असणार," विठोबा म्हणाले. सरदारांकडे होडी कशाला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. ज्यांच्याकडे एके काळी हत्ती होते त्यांच्याकडे होडी असायला काय हरकत आहे?

त्या आठवड्यात शेलारांच्या घरात दुसरा विषय नव्हता. अक्षतचं मन छोट्या, नव्या धाटणीच्या टर्बो डिझेलवर बसलं होतं. विठोबांना मोठं इंजिन हवं होतं. छोटं इंजिन टर्बोच्या जोरावर उड्या मारतं, पण घाटात तापलं की जीभ बाहेर काढतं, असं त्यांचं म्हणणं. मधेच अक्षतचा मित्र अंशुल एका चकचकीत पेट्रोल पिकअपची शिफारस घेऊन आला. तो जुन्या गाड्यांचा व्यवहार करायचा.

"भिया, इसकी पावर देखो. उड़ती है."

"आम्हाला उडायचं नाही, ओढायचंय," विठोबा म्हणाले. "हॉर्सपॉवरनं गाडी पळते. ओढायला टॉर्क लागतो, आणि तोही इंजिन सावकाश फिरत असताना. होडी पाण्यातून घाटावर चढवायची म्हणजे शर्यत नव्हे."

"पण अंकल, धार में नाव चलाते कहाँ हैं? मुंज तालाब में?"

"नर्मदेत," अक्षत ठामपणे म्हणाला. "धामनोदपर्यंत घाट उतरून न्यावी लागत असेल."

मग परीक्षा झाली. अंशुलनं तिन्ही जातींच्या गाड्या आणल्या, आणि प्रत्येकीच्या मागे बटाट्यांनी भरलेली ट्रॉली बांधून ती एका चढावर नेली. पेट्रोल गाडीनं एवढी डरकाळी फोडली की कुत्री पळाली, ट्रॉली मात्र जागची हलली नाही. छोट्या टर्बोनं ओढली, पण अर्ध्यावर क्लच जळल्याचा वास आला आणि अक्षतचं तोंड उतरलं. मोठं डिझेल फारसं न बोलता वर गेलं. उतरताना विठोबांनी मुलाला मुद्दाम स्टिअरिंगवर बसवलं. चढावर गरीब वाटणारी ट्रॉली उतारावर मागून अशी ढकलू लागली की अक्षतला घाम फुटला.

"खालचा गिअर," शेजारी बसलेले विठोबा शांतपणे म्हणाले. "ब्रेकवर नाचू नकोस. इंजिनाला धरू दे."

अलकाताई फाटकात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. "मुलगी मागायला निघालाय की बैलजोडी?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

रविवारी बापलेक अंशुलचं मोठं डिझेल घेऊन निघाले. मागे नवा हूक बसवलेला, हौद्यात जाड दोर. इंदूर ओलांडल्यावर अक्षतनं बजावलं, "बाबा, तिथं 'ते नाव' म्हणायचं. त्यांच्यात तसं म्हणतात."

"नाव 'ते' कधीपासून झाली?"

"राजघराणं आहे, बाबा."

"बरं बाबा, मी बोलतच नाही," विठोबा म्हणाले, आणि दुर्दैवानं त्यांनी तो शब्द पाळला नाही.

उदाजीरावांच्या बैठकीत पितरांच्या तसबिरी होत्या आणि त्यांच्याखाली तशाच मिशा घेऊन उदाजीराव बसले होते. त्यांच्या पत्नी बकुळाबाई दाराशी, वैभवी त्यांच्या मागे. वैभवीनं अक्षतकडे पाहिलं आणि पटकन खाली बघितलं. तिचे खांदे हलत होते. अक्षतला वाटलं, बिचारी घाबरली आहे.

"बोला," उदाजीराव म्हणाले. "कशाच्या बळावर ओढणार आमचं नाव?"

अक्षतनं घसा साफ केला. "आबासाहेब, लोक पॉवर बघतात. आकडा मोठा दिसला की खूश. पण पळणं वेगळं, ओढणं वेगळं. ओढणाऱ्याचा जोर हळू चालताना दिसायला पाहिजे. जो जास्त आवाज करतो ना, तो जागेवरच चाकं फिरवत बसतो."

उदाजीरावांचा मिशीवरून फिरणारा हात थांबला. आजवर आलेल्या मुलांनी फक्त आपापल्या कंपन्यांची कौतुकं सांगितली होती.

"पुढे?"

"पुढे म्हणजे, ओढण्यापेक्षा आवरणं कठीण. चढावर नाव मागे खेचतं, ते आपल्याला कळतं. पण उतारावर तेच नाव मागून ढकलतं. आपल्याला वाटतं, वा, आपणच काय जोरात चाललोय. तिथं ज्याला स्वतःला आवरता येत नाही, तो नावासकट खड्ड्यात."

"आमच्या धाकट्या बंधूंना हे कोणी सांगायला हवं होतं," उदाजीराव हळूच म्हणाले. "नावाच्या भरवशावर निवडणुकीला उभे राहिले. अनामतसुद्धा गेली."

होडीचा आणि निवडणुकीचा संबंध अक्षतला लागला नाही. चिन्ह असेल, असं तो धरून चालला. "त्यांच्याकडून उलटलं होतं का?"

"उलटलं नाही, पण लोक हसले. तेच जास्त लागलं." उदाजीरावांनी मान वर केली. त्यांचे डोळे जरा ओले झाले होते, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "बकुळा, ऐकताय ना? एवढ्या वयात एवढी समज."

बकुळाबाई ऐकत होत्या. त्यांना काहीतरी शंका आली असावी, कारण त्यांनी मागे वळून लेकीकडे पाहिलं आणि लेकीनं ओढणी तोंडात कोंबली.

"आता एकच विचारायचं होतं," अक्षत धीर येऊन म्हणाला. "वजन किती आहे?"

"नावाला? आहे की अजून. कचेरीत गेलो तर खुर्ची देतात."

"तसं नाही. रिकामं किती? म्हणजे आतली माणसं उतरवल्यावर?"

उदाजीरावांनी यावर पुष्कळ विचार केला. "माणसं उतरवली," ते गंभीरपणे म्हणाले, "तर नावात उरतं काय?"

"लाकूड," विठोबांना राहवलं नाही. "नाहीतर फायबर. चार पिढ्यांच्या नावेचं म्हणजे सागवानच असणार. बुडाला डांबर लावता ना?"

नावाचं नव्हे, नावेचं. एवढ्याशा एका मात्रेनं घात केला. उदाजीरावांनी विठोबांकडे पाहिलं, मग अक्षतकडे, मग खिडकीतून अंगणात. अंगणात पिकअप उभी होती. मागे हूक होता, हौद्यात दोर होता.

"आमचं नाव," ते एकेक शब्द मोजून म्हणाले, "तुम्ही होडी समजलात?"

अक्षतच्या डोक्यात आठवडाभराचं एकेक वाक्य उलगडत गेलं, आणि त्याचे कान तापले. संपलं, त्याला वाटलं. आबासाहेब दुसऱ्यांदा कोणाला बोलवत नाहीत.

"माझी मराठी कच्ची आहे, आबासाहेब," तो उभा राहून म्हणाला. "माफ करा. तुम्ही म्हणालात, ओढायचंय. मी आठवडाभर इंजिनच बघत होतो."

"आणि मगाशी एवढं ज्ञान सांगितलंत, ते?"

"ते बटाट्याच्या ट्रॉलीवरून."

बकुळाबाईंचा बांध फुटला. त्या दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. उदाजीराव लेकीकडे वळले.

"तुला ठाऊक होतं?"

"हो, आबासाहेब."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सगळे येतात, नाव मोठं म्हणतात, मान डोलावतात," वैभवी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "वजन किती आहे, हे याच्याशिवाय कोणी विचारलंच नाही. मलाही कोणी विचारलं नाही. मी ते रोज उचलते."

उदाजीरावांनी वर तसबिरींकडे पाहिलं. तिथून काही मदत येण्यासारखी नव्हती.

"बाकीचे हात हलवत आले होते हो," बकुळाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "दोर घेऊन आला तो हाच." मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि अक्षतला म्हणाल्या, "चला, आता नाव घ्या."

अक्षत गोंधळला. त्यानं वडिलांकडे पाहिलं, आबासाहेबांकडे पाहिलं, अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. "घेऊ की," तो भीत भीत म्हणाला, "पण नवी घ्यायची की सेकंडहँड?"

"कठीण आहे," बकुळाबाई म्हणाल्या. "वैभवी, तूच घे बाई."

लग्न ठरण्याआधी उखाणा घ्यायची रीत जगदाळ्यांच्या घरात नव्हती, आणि घेतलेलं नाव परत करायचीही नव्हती. उदाजीरावांना हे ठाऊक होतं. वैभवीलाही होतं. ते काही बोलणार तेवढ्यात ती पुढे आली, डोक्यावर ओढणी सारखी केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"आबासाहेब म्हणाले नाव, यांना वाटली नाव,
अक्षतरावांचं नाव घेते, देवास माझं गाव."

उदाजीराव बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी चहा मागवला, सगळ्यांसाठी.