छातीवरच्या खिशातली डबी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. तळहातावर मावेन एवढीच. झाकणावर एकेकाळी तान घेणारा एक गवई होता. घासून घासून गवई गेला, त्याचं उघडं तोंड तेवढं उरलं आहे.

आत्मवृत्तं मुलांसाठी असतात, हे मला ठाऊक आहे. फाटक्या छत्रीने आणि म्हाताऱ्या बैलाने आपलं दुःख सांगायचं, मुलांनी ते वहीत उतरवून दहापैकी सात गुण मिळवायचे, अशी रीत आहे. माझी कहाणी मात्र मोठ्यांसाठी आहे. मुलांनी ऐकली तर हरकत नाही, फक्त त्यांनी ती नंतर मोठ्यांना समजावून सांगावी. कारण ह्या विषयात मोठी माणसं फार लाजतात, आणि लाजून मरतात. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही.

माझा जन्म एका दणक्यात झाला. वरून साचा आला, खालून साचा आला, मध्ये मी. पहिली काही वर्षं माझ्या पोटात खोकल्याच्या वड्या होत्या. त्या संपल्यावर डबी फेकून देतात. पण मला विकत घेणारा माणूस काहीही फेकून न देणाऱ्यांपैकी होता.

तो एका रंगाच्या दुकानात छटा जुळवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन येई, कुणी पडद्याचा तुकडा, कुणी नुसतं तोंडी वर्णन. "मास्तर, आमच्या जुन्या घराच्या दाराला जो हिरवा होता ना, तो." मास्तर डोळे बारीक करून म्हणत, "त्यात थोडा काळा होता. बघतो." दुकानात पुढे छटा जुळवायचं यंत्र आलं. यंत्राने काढलेली छटा बरोबर आहे का, हे बघायला मालक मास्तरांनाच बोलवत. यंत्राचा ह्यात अपमान होत असावा, पण ते बोलत नाही. आम्हा वस्तूंचं सगळं दुखणं तेच आहे.

मास्तरांना पन्नाशी उलटल्यावर जिना चढताना छातीत कळ आली. तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या, आणि एक वेगळी छोटी पांढरी गोळी दिली. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे दुकानात सगळे जिला वहिनी म्हणत तिने, त्या दिवशी मला साबणाने धुतलं, उन्हात वाळवलं, तळाशी कापूस घातला आणि वर त्या पांढऱ्या गोळ्या ठेवल्या. मग मास्तरांच्या शर्टाच्या खिशात मला घालून वरून दोनदा थोपटलं.

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला मानाचा काळ होता. घरातून निघताना मास्तरांना "घेतली का छत्री, घेतला का रुमाल" असलं काही कुणी विचारत नसे. बायको, मुलगी, दोघी एकच विचारत, "डबी?" मास्तर खिशावर हात ठेवत आणि मगच दार उघडत. खोकल्याच्या वड्यांची डबी एका माणसाच्या प्राणाची राखणदार झाली. आमच्या जातीत एवढी बढती कुणाला मिळालेली नाही.

पण आजारपण एकटं येत नाही. येताना पिशवीत अजून काहीतरी घेऊन येतं. मास्तरांचं अंग त्यांचं ऐकेनासं झालं. पती-पत्नीत जे असतं, ते राहिलं नाही. कधी हृदयामुळे होतं, कधी औषधांमुळे, कधी नुसत्या काळजीमुळे. मोठ्या डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण मास्तर त्यांच्याकडे वहिनीला घेऊन जात, आणि वहिनीसमोर हे विचारायचं कसं?

माझा शर्ट खुंटीला असे, त्यामुळे मला ऐकू येई, दिसत नसे. ते बरंच होतं. एकदा वहिनी म्हणाली, "अहो, मला काय हवंय? सकाळी बघते, तुमचा श्वास चालू आहे ना. झालं माझं."

ती अगदी मनापासून बोलली होती. मास्तरांना मात्र त्यात फक्त कीव ऐकू आली. ज्याच्या डोळ्यांना पांढऱ्यातले अकरा पांढरे कळत, त्याला बायकोच्या आवाजातली माया आणि कीव वेगळी करता आली नाही.

मग एके दिवशी मास्तर बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे ह्याच तक्रारीचा एक डॉक्टर होता. बाहेरच्या खोलीत काही पुरुष बसले होते, सगळे दुसऱ्याच कुणासाठी आल्यासारखे. भिंतीवर मूत्रपिंडाचं चित्र होतं. ते सगळ्यांचं पाठ झालं असावं.

डॉक्टर तरुण होता. लाज हा विषय त्याने ऑप्शनला टाकला असावा.

"हे बघा काका, मुख्य दोन गोळ्या. ही निळी, ही पिवळी. काम दोघींचं एकच, रक्ताला वाट मोकळी करून द्यायची. मनात काही नसेल तर दोघीही ढिम्म, हे आधीच सांगतो. निळी घ्यायची तासभर आधी, पोट फार भरलेलं नको. तेलकट खाऊन घेतलीत तर ती जेवणाच्या मागे रांगेत उभी राहते. चार-पाच तास अंमल. डोकं दुखेल, नाक चोंदेल, तोंड लाल होईल. काहींना थोडा वेळ सगळं निळसर दिसतं."

"आणि पिवळी?"

"तिला जेवणाचं काही नाही. दीड दिवस अंमल, म्हणजे घड्याळाकडे बघत बसायला नको. काहींची कंबर धरते. आणि अंगातून जायला दोन दिवस घेते. पाहुणी आली की लवकर निघत नाही."

"पण चांगली कुठली?"

"काका, चपला कुठल्या चांगल्या? ज्याला ज्या बसतील त्या." डॉक्टर हसला आणि मग हसायचा थांबला. "आता खरं सांगा. छातीत दुखतं कधी? जिभेखाली ठेवायची गोळी जवळ बाळगता? कारण ती गोळी आणि ह्या दोघींतली कुठलीही, एका अंगात नाही म्हणजे नाही. रक्तदाब असा कोसळतो की माणूस उठत नाही. तसं असेल तर लाजू नका. दुसरे उपाय आहेत, तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू."

मास्तरांचा हात खिशावर आला. बोटं माझ्या झाकणावर दाबली गेली.

"छे हो," मास्तर म्हणाले. "छाती एकदम ठणठणीत."

मित्रांनो, त्यांच्या छातीत आणि माझ्यात एका कापडाचं अंतर होतं. मला सगळं माहीत होतं. पण मी पत्रा.

मास्तरांनी निळी निवडली, लवकर निघून जाणारी म्हणून. त्यांचा मनातल्या मनात हिशेब झाला होता: कळ काही रोज येत नाही, गेल्या कित्येक महिन्यांत आलेली नाही, आणि निळी दुसऱ्या दिवशी अंगात नसतेच. गोळ्या त्यांनी त्याच भागातल्या दुकानातून घेतल्या, कोपऱ्यावरच्या नेहमीच्या केमिस्टकडून नाही. खोकं आणि वेष्टन दुकानाबाहेरच फेकलं, आणि सुट्या गोळ्या माझ्या पोटात, कापसाच्या खाली सरकवल्या. वर जीव वाचवणारी, खाली जीव घेणारी, मध्ये चिमूटभर कापूस. ज्या दोघींनी कधी भेटू नये असं डॉक्टर बजावत होता, त्यांचं बिऱ्हाड माझ्या एका खोलीत झालं.

खोटं बोलणार नाही, घरात आनंद आला. मुलगी कॉलेजात असे, दुपारी दुकान दोन तास बंद असे. मास्तर जेवायला घरी येत. वहिनीने काही विचारलं नाही. बायका अशा वेळी कारणं विचारत नाहीत. ती भांडी घासताना गुणगुणू लागली, एवढंच.

पण एका दुपारी मास्तर दुकानात परतले आणि दाताच्या दवाखान्यासाठी मोतिया रंग जुळवायला बसले. त्यांना सगळं निळसर दिसत होतं. रंगातला निळा मारायला त्यांनी पिवळा घातला, मग अजून पिवळा घातला, आणि यंत्र चुकलंय म्हणून यंत्राला शिवी दिली. आठवड्याने दातांचे डॉक्टर दुकानात आले.

"मास्तर, काय केलंत हो हे? पेशंट आत येतो, भिंतीकडे बघतो आणि पहिलं आरशात स्वतःचे दात बघतो."

दुकानभर हशा पिकला. मालक म्हणाले, "मास्तरांचे डोळे म्हातारे झाले आता." मास्तरही हसले. त्या रात्री मात्र जेवले नाहीत. अंग गेलं होतं ते परत मिळालं, तर आता डोळे जायला लागले. माणसाने नक्की कुठल्या अवयवाच्या जिवावर जगायचं?

ते पुन्हा त्या डॉक्टरकडे गेले. "रंग बदलून दिसत नाहीत, अशी द्या," म्हणाले. डॉक्टरने पिवळी दिली. तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेच उत्तर पुन्हा मिळालं. पिवळीने रंग खरोखरच बिघडवले नाहीत. मास्तरांनी दोन्ही गोळ्या शेजारीशेजारी ठेवून सगळं तपासलं, कंबर, डोकं, जेवण, रंग. पाहुणी दोन दिवस घरात राहते, हे तेवढं सोयीस्करपणे विसरले.

शनिवारी त्यांनी पिवळी घेतली. रविवारी सकाळी मुलीच्या खोलीला रंग द्यायचा होता. वहिनीचा भाऊ मदतीला आला होता. मास्तर शिडीवर, मेहुणा खाली, आणि मुलगी सूचना देण्याच्या कामावर.

"बाबा, कोपऱ्यात फिकट पडलाय."

"वाळल्यावर बघ. ओल्या रंगाला आणि नव्या जावयाला लगेच नावं ठेवू नयेत."

"भाऊजी, हे मला म्हणालात का?" मेहुण्याने विचारलं, आणि सगळे हसले. हसता हसता मास्तर शिडीवरून दोन पायऱ्या खाली उतरले आणि तिथेच बसले. हात छातीवर. कपाळाला घाम.

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. तिने मला खिशातून काढलं, उघडलं आणि वरची पांढरी गोळी उचलली. तिचा हात जराही थरथरला नाही. ह्या क्षणाची तिने मनात कितीतरी वेळा तालीम केली होती.

"नको," मास्तर म्हणाले. "नको. थांबेल आपोआप."

"नको काय नको! तोंड उघडा."

"अगं, आज नको..."

"भाऊजी, आज नको काय, उद्या घेणार का?" मेहुणा ओरडला.

मास्तरांनी बायकोकडे बघितलं, मेहुण्याकडे बघितलं. मग मुलीकडे. ती रंगाचा ब्रश हातात घेऊन उभी होती आणि रडत होती. एक वाक्य बोलायचं होतं. काल मी अमुक गोळी घेतली आहे, ही देऊ नका, दवाखान्यात न्या. बस्स. मास्तरांचे ओठ हलले. मुलीसमोर, मेहुण्यासमोर, ते वाक्य बाहेर आलं नाही. त्यांनी तोंड उघडलं ते गोळी घेण्यासाठी. वहिनीने ती जिभेखाली नीट ठेवली आणि म्हणाली, "झालं. आता बरं वाटेल हं."

थोड्याच वेळात त्यांची मान कलली. ॲम्ब्युलन्सवाल्याने रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला आणि घाईघाईने विचारलं, "दुसरं काही औषध घेतलंय का ह्यांनी?"

"नाही हो," वहिनी ठामपणे म्हणाली. "सगळ्या गोळ्या मीच देते."

मास्तर परत आले नाहीत.

पुढे कित्येक दिवस मी कपाटावर पडून होते. एका सकाळी वहिनीने मला पुसायला घेतलं, कापूस काढला, आणि खाली एक पिवळी गोळी निघाली. तिने ती उलटसुलट करून बघितली. मग मला पदराखाली धरून ती कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेली. मास्तरांच्या हृदयाच्या गोळ्या वर्षानुवर्षं तोच देत असे.

"भाऊ, ही कसली हो? ह्यांच्या डबीत होती. माझ्याकडून काही द्यायची राहिली का?"

केमिस्टने गोळी चिमटीत धरली. त्याचा चेहरा बदललेला मी बघितला. तो एका गोळीत सगळं समजला.

"ॲसिडिटीची आहे, वहिनी," तो म्हणाला. "साधी. रोजची नाही. काही राहिलं नाही तुमच्याकडून." त्याने ती गोळी काउंटरखालच्या टोपलीत टाकली.

वहिनी गेली नाही. काउंटरची कड धरून उभी राहिली.

"एक विचारू? ती जिभेखालची गोळी. मी स्वयंपाकघरात होते ना. यायला वेळ लागला. ते नको नको म्हणत होते, त्यातही वेळ गेला. लवकर दिली असती तर वाचले असते का हो?"

मित्रांनो, खरं सांगितलं तर तिच्या डोक्यावरून उशिराचा भार उतरला असता, आणि त्या जागी काय आलं असतं, ते केमिस्टला दिसत होतं. त्याने काउंटरवरचा रबरबँड बोटाला गुंडाळला.

"उशीर नव्हता झाला, वहिनी," तो म्हणाला. "तुम्ही अगदी वेळेवर दिलीत."

वहिनी तिथेच रडली. मोकळी होऊन रडली. त्याच्या तोंडून निघालेलं ते वाक्य खरं होतं. मी आजवर ऐकलेल्या सगळ्या खोट्यांपेक्षा ते जड होतं.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूने आपली काळजी घ्या असं विनवायचं असतं. माझी घेऊ नका. मला गंज लागेल, भंगारात जाईन, साच्यातून पुन्हा काहीतरी होईन. माझी विनवणी वेगळी आहे. जिथे दुखतं ते डॉक्टरला सांगा, आणि जिथे लाज वाटते ते आधी सांगा. जी गोळी घेता ती घरात निदान एका माणसाला माहीत असू द्या, भले ते माणूस दोन दिवस तुमची थट्टा करेल. थट्टेने कुणी मेल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि कुणी प्रेमाने, न थरथरणाऱ्या हाताने, तुमच्या तोंडाशी काही आणलं, तर गिळण्याआधी बोला. तो हात पुढे आयुष्यभर जगणार असतो.