स्वच्छ केलेली शांतता

नव्या ध्वनिमुद्रिकेच्या डबीवरचा तो सोनेरी गोल कागद नखाने निघत नव्हता — कडेला जरा उचलला जाई आणि बोट काढलं की पुन्हा चिकटे — आणि त्याच्यावर बारीक अक्षरांत, गोल फिरवून छापलं होतं, ‘मूळ ध्वनिमुद्रणावरून स्वच्छ केलेली आवृत्ती’. स्वच्छ केलेली. म्हणजे आधी काय घाण होती? तिने डबी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. वर जुनंच चित्र होतं, छत्री फिरवणारी सरदारीण, आणि तिच्या मागे, भिंग घेतल्याशिवाय दिसू नयेत एवढ्याशा, टोपल्या घेतलेल्या परटिणी. त्यांतली डावीकडून तिसरी म्हणजे ती स्वतः... की चौथी. चित्रकाराने सगळ्यांना एकच तोंड दिलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

काल संध्याकाळी मुलगी आणि जावई ही डबी देऊन गेले. जुन्या, गाजलेल्या संगीतिका पुन्हा बाजारात आणायचं एका कंपनीने ठरवलं होतं. जावई तिथेच जुन्या रेकॉर्डमधली खरखर काढायच्या कामावर. आणि ‘छत्रीवाली सरदारीण’ नेमकी त्याच्या वाट्याला आली होती. ‘दुसऱ्या अंकात नीट कान देऊन ऐक हं आई, गंमत आहे,’ मुलगी म्हणाली होती, आणि जावई बुटांकडे बघत हसला होता. भला माणूस. त्याच्यात एकच खोट होती, ती म्हणजे काही खोट काढता येत नसे.

आणि आज सकाळी, चहाचे कप विसळून झाल्यावर, नवरा खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसल्यावर, तिने ऐकलं. पहिला अंक चकचकीत होता. व्हायोलिनं तर अशी की नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं — त्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर तो होता, तरुण, केसाळ — आणि ‘ऐकलंस? धूळ पुसल्यासारखं केलंय पोराने,’ असं म्हणून पुन्हा वर धरलं. मग दुसरा अंक. भलत्याच खिडकीतून उतरणाऱ्या सरदाराला नदीवरच्या परटिणींनी पाहिलेलं असतं, आणि तो मिशीला पीळ देत, गोड गळ्याने त्यांना विचारतो, ‘काय बायांनो, गप्प बसाल ना?’ — तो ‘ना’ तो वर नेतो, आणखी वर नेतो, सगळी वाद्यं थांबतात, वाद्यवृंद चालवणाऱ्या मास्तरांचा हात हवेत, कुणी श्वास घेत नाही... आणि मग सगळ्या परटिणी एकदम, ‘नाही!’

फक्त जुन्या रेकॉर्डमध्ये त्या एकदम नव्हत्या. रेकॉर्डमध्ये त्या शांततेच्या पोटात एक ‘ना—’ आधीच यायचा, एकटा, उघडाबोडका, आणि मागून बाकीच्या धावत येऊन त्याला गाठायच्या. तो तिचा होता.

आज तो नव्हता. सरदार थांबला, शांतता झाली, सगळ्या एकदम आल्या. तिने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने कान यंत्राच्या जाळीला टेकवला, आणि तेव्हा तिला कळलं की तिथली शांतताही खरी नव्हती... त्या दिवशीच्या शांततेत लाकडी फळ्यांची कुरकुर होती, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर होती, भिंतीपलीकडच्या रस्त्यावरचं काहीतरी होतं. ही शांतता दुसरीकडून कुठून तरी आणून तिथे भरली होती. तिच्यात कुणी उभंच नव्हतं.

मुलीचा फोन आला तेव्हा ती कपाटाची आधीच पुसलेली फळी पुसत होती.

‘ऐकलंस?’

‘...ऐकलं.’

‘मग? कळलं ना? मीच सांगितलं होतं त्याला. म्हटलं, जन्मभर चिडवलंय आईला सगळ्यांनी, आता पुरे. किती बसला होता माहितीय का तेवढ्या एका जागेवर!’

‘कुठल्या जागेवर?’

‘अगं, तुझ्या चुकीवर!’

फडकं तिने दुसऱ्या हातात घेतलं. मग विचारलं, ‘काढलं ते कुठे ठेवलंय त्याने?’

‘काय कुठे ठेवलंय?’

‘जे काढलं ते.’

‘आई, ते काय जुनं कपाट आहे का, माळ्यावर टाकायला? मूळ तबकडी परत गेली, तिचे मालक कोण कुठले देव जाणे. पुसलं ते पुसलं. बरं, चारला येते न्यायला. प्रकाशन रेकॉर्डच्या दुकानातच आहे, फार लोक नसतील. कोरसमधली यायच्या स्थितीत तू एकटीच उरलीस म्हणून कंपनीवाल्यांना फार कौतुक आहे. फूल घ्यायचं, दोन शब्द चांगले बोलायचे. चालेल ना?’

‘...चालेल,’ ती म्हणाली. नेहमीसारखं, जरा थांबून.

जरा थांबून. हे थांबणं तिचं स्वतःचं नव्हतं, ते तिला लावण्यात आलं होतं. पूर्वी ती कुठे थांबायची? बहिणी ताटावर बसायच्या आत ती अर्धी जेवलेली असायची, कुणी विनोद सांगत असला तर शेवट तीच सांगून टाकायची, आणि लग्नाचं विचारायला आलेल्या या व्हायोलिनवाल्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी तिने हो म्हटलं होतं. मग ती रेकॉर्ड आली. सरदाराचा तो वरचा सूर रेकॉर्डिंगच्या त्या ‘टेक’ला असा काही लागला होता की पुन्हा लागेल याची खात्री त्याची त्यालाच नव्हती, वेळ संपत आला होता, आणि मास्तर म्हणाले, राहू द्या तसंच. म्हणजे त्याच्या सुरासाठी तिची चूक राहिली, आणि चूक घरोघर पोचली. कुठल्याशा वर्तमानपत्राने लिहिलं, ‘एका परटिणीला भलतीच घाई आहे.’ झालं. त्या दिवसापासून ती नाटक कंपनीत घाईबाई. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ झालं, ‘अति घाई संकटात नेई’ झालं, म्हणींना काय तोटा. हसण्यावारी नेलं तिनेही. पण मास्तर हसले नाहीत. ‘यापुढे त्या जागेला तू नुसतं तोंड हलवायचं,’ ते म्हणाले, ‘आवाज बाकीच्या देतील.’

आणि तिने हलवलं. कंपनी बंद पडेपर्यंत, प्रयोगामागून प्रयोग, टोपली कमरेवर घेऊन, डोळे मोठे करून, अगदी वेळेवर, आवाजाशिवाय. तिने कानाला खडाच लावला. घरीदारी, बसच्या दारात, दुकानाच्या रांगेत, डॉक्टरसमोर, आधी दुसऱ्याचं पुरं होऊ द्यायचं, मग अंमळ थांबायचं, मग बोलायचं. तोवर बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी बोलून टाकलेलं असायचं. शांत बाई म्हणून तिचं नाव झालं. मुलीला तर ती तशीच माहीत होती.

पण मी लवकर आले होते का? — फळी पुसायचं थांबवून तिने स्वतःला विचारलं. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं, तिनेसुद्धा नाही. मोजायला चुकले, असं ती तेव्हा म्हणाली होती आणि म्हणून म्हणून ते पाठ झालं होतं. पण मला मोजता येत नव्हतं का? डोळे बांधून मोजलं असतं मी. त्या दिवशी आम्हाला बूट काढायला लावले होते, फळ्या वाजतात म्हणून... दुपारभर गार फरशीवर आणि फळ्यांवर अनवाणी, मागे, दाराजवळ. माझ्या शेजारची, खर्जात गाणारी, दिवस भरत आलेली, पोटाखाली हात धरून उभी होती, आणि आधीचा टेक संपल्यावर तिने हळूच एक स्टूल मागितलं. मास्तर वहीतून मान वर न करता म्हणाले, ‘गप्प उभी राहा.’ आणि आम्ही सगळ्या मूग गिळून तिच्याबरोबर गप्प उभ्या राहिलो. मीसुद्धा. मग रेकॉर्डिंगचा दिवा लागला, वाद्यं सुरू झाली, आणि तो मिशीवाला गोड गळ्याने विचारायला लागला, काय बायांनो, गप्प बसाल ना...

त्यामुळे झालं असेल? की पाय गारठले म्हणून? की मास्तरांच्या बाहीचं एक बटण दोऱ्यावर लोंबत होतं, त्याच्याकडे बघत राहिले म्हणून? तिला सांगता येईना. खोटं कशाला बोला, खरंच सांगता येईना. पण एक आता लख्ख दिसत होतं, की चौदा जणींना विचारलेल्या प्रश्नाला त्या शांततेत एकटीने उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर बरोबर होतं. शब्द बरोबर, सूर बरोबर. मी लवकर आले नव्हते. त्या उशिरा आल्या.

हे वाक्य मनात आल्याबरोबर तिला इतकं बरं वाटलं की तिने फडकं खिडकीवर आपटलं.

मग तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं, यंत्र आत ओढून आणलं आणि ती जागा लावली. दिली ना त्याने मोकळी करून जागा, चकाचक पुसून? मग आता भरूया. सरदार वर गेला. तिने छाती भरून घेतली... आणि आवाज फुटला तो बरोबर सगळ्यांच्या जोडीला. तंतोतंत. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर, आणि तेही नको तेव्हा! ती स्वतःवरच चरफडली. पुन्हा. या वेळी श्वास मध्येच अडकला आणि सगळ्या येऊन गेल्यावर तिचं वरातीमागून घोडं. लवकर यायलाही दम लागतो, हे तिला ठाऊक नव्हतं. तेव्हा तो ‘ना—’ कुणाला न विचारता आला होता. आता गळ्याला सांगितल्यापासून गळ्याने ऐकेपर्यंत मध्ये कुठेतरी अख्खं म्हातारपण बसलं होतं. पुन्हा. पुन्हा. ओट्याला धरून, लाल होऊन, पुन्हा.

दार उघडलं. नवरा चष्मा कपाळावर चढवून उभा होता.

‘काय चाललंय?’

‘सराव.’

‘कसला?’

‘लवकर यायचा.’

त्याने यंत्राकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने स्वतःचा आवाज उतरवला. ‘काढलं का त्याने ते? मला पेपरात कळलंच नाही.’ आणि मग, ‘अगं, मग जुनी रेकॉर्ड लाव की आपली.’

‘जुनीत काय उरलंय? तिथेच सुई उडी मारते. ती जागा झिजवली कुणी?’

येईल त्या पाहुण्यासमोर त्याने झिजवली होती. ‘ऐका आमच्या घाईबाईंचं!’ म्हणत, सुई हाताने उचलून, व्हायोलिनवाल्याच्या नेमक्या बोटांनी बरोबर त्या रेघेवर टेकवायचा. पाहुणे हसायचे, ती चहा ठेवायला उठायची. पाहुणे नसतानाही कधी कधी तो लावायचा. ती आतून ऐकायची, आणि तिला वाटायचं, एकट्यालासुद्धा हसायला लागतं याला.

‘तू तेवढीच सापडायचीस त्यात,’ तो म्हणाला. ‘एरवी एवढ्या बायकांत तू कुठे आहेस, काय कळणार?’

‘मग हसायचात कशाला?’

‘सगळे हसायचे, म्हणून.’

आता डोळे भरून यायला हवेत, असं तिला वाटलं. नाही आले. उलट राग आला, धडधडीत, तरुण राग. ‘तू तेवढीच सापडायचीस’, एवढं एक वाक्य या माणसाने इतकी वर्षं कुठल्या पेटीत घालून ठेवलं होतं? ते तेव्हा मिळालं असतं तर मी तोंड नुसतं हलवलं असतं का? ‘जा, तयार व्हा,’ ती म्हणाली, ‘आणि बूट पुसा.’ तो गेला. तिने यंत्र बंद केलं, हात धुतले, आणि ते पुसता पुसता तिच्या लक्षात आलं की त्याला हे सांगताना ती थांबली नव्हती.

चारला मुलगी आली. खाली जावई गाडीत बसून होता. लेक यायच्या आधीच तिने आपला निळा कोट घातला होता, केस घट्ट बांधले होते. मुलीने कौतुकाने पाहिलं, तिची कॉलर सरळ केली, खांद्यावरचा न दिसणारा दोरा उचलला.

‘छान दिसतेस. हे बघ, कंपनीवाले विचारतील, कसं वाटतंय. तिथे आता जुनं काही उकरत नको बसूस. त्याने फार जीव लावून केलंय. नुसते आभार मानायचे आणि बसायचं. एवढं माझं ऐकशील ना, म्हणजे त्यालाही बरं—’

‘नाही.’

तिने ठरवून म्हटलं नव्हतं. दुपारभर ओट्याला धरून बोलावलं तेव्हा जो आला नाही, तो आता आपल्या पायांनी आला होता, बोलण्यापेक्षा जरा वरच्या पट्टीत, छातीतून, आणि मुलीचं वाक्य अजून तिच्या तोंडातच होतं. मुलीचा हात कॉलरवर तसाच राहिला. तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते कुठे ठेवावं तिला कळेना. ही आई तिने ऐकलीच नव्हती कधी.

दुकानात गेल्यावर आपण काय करणार हे तिला ठाऊक नव्हतं... मागून घेऊ तो आवाज, जाहीरपणे, सगळ्यांसमोर; की गाऊन दाखवू, पुन्हा चुकू, वेळेवर येऊ; की त्या भल्या जावयाचा पडलेला चेहरा बघून हातातल्या फुलाकडे बघत बसू. पोरीला दुखावलं होतं, ते दिसत होतं, आणि त्याचं वाईटही वाटत होतं. पण शब्द मागे घ्यावा असं मात्र तिला कुठूनही वाटत नव्हतं. आत नळ ठिबकत होता. नवरा वाकून नाडी बांधताना कण्हला आणि तसाच, वाकलेला, थांबला. खालून गाडीचा हॉर्न एकदा वाजला. मुलीचा श्वास ऐकू येत होता. अशी शांतता तिने फार वर्षांनी ऐकली, न पुसलेली, माणसं उभी असलेली. आणि ती त्या शांततेत एकटी, ताठ उभी होती. बाकीच्या अजून यायच्या होत्या.