माझ्याशी एकच वेग ठेवा

मी मोडेम बोलतोय, कॉम्प्युटरची माहिती फोनच्या तारेवरून धाडणारा. किंचाळणारा डबा म्हणून ग्वाल्हेरच्या नई सडकेवर माझी ओळख. फोन लागला की दोन्ही टोकांचे मोडेम आधी ओरडाओरडा करून तारेला झेपेल तो वेग ठरवतात, हे कुणाला ठाऊक! लोक कानांवर हात ठेवायचे.

मुकुंदरावांच्या औषधांच्या गोदामात मी युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला केबलनं जोडलेला होतो. शहाण्णव साली गोदाम इंदूरच्या कंपनीत विलीन झालं. रोज संध्याकाळी साठ्याची माहिती माझ्यामार्फत इंदूरला जायची. जायची कसली, पोचायचा नुसता कचरा. चौकोन, टिंबं, काहीबाही.

इंदूरनं बजावलं, शनिवारपर्यंत माहिती नीट आली नाही तर ग्वाल्हेरचं ऑफिस बंद, माणसं इंदूरला. मला चालवणाऱ्या शरयूला इंदूरला जाणं शक्यच नव्हतं. तिच्या आईला, लीलाबाईंना, दिसत नव्हतं. किला गेटजवळच्या दोन खोल्यांत त्या चाचपत स्वयंपाकसुद्धा करायच्या. परक्या घरात त्यांना पाण्याचा माठही सापडला नसता.

मुकुंदराव पडले दरबारी वळणाचे. रोज इंदूरला फोन करून काल कुठला वेग मिळाला ते अदबीनं विचारायचे आणि सांगायचे, "शरयूताई, ते लोग चोवीसशे बोलले. आपणपण कॉम्प्युटरमध्ये तेच टाका. बड्यांचा मान ठेवायला पाहिजे ना!"

मान कसला ठेवता? कालचा वेग आज मिळेलच असं थोडंच आहे! आणि मला शिकवलेलं असं, की तारेवर जो वेग ठरेल तोच केबलवरही धरायचा. मी वेग बदलायचो, कॉम्प्युटर मात्र इंदूरचा मान राखत बसायचा; आमचे वेग जुळले नाहीत की अक्षरांचा कचरा. शिव्या मला. नवा मोडेम आणायचंही ठरलं.

शनिवारी शरयू स्क्रीनकडे बघत राहिली. फोन जोडला गेल्याचा निरोप नीट वाचता येत होता, घोळ त्यानंतर सुरू व्हायचा. शिवाय निरोपातला वेग दर वेळी निराळा.

"साहेब, हा फोनच्या तारेचा वेग आहे. तो मोडेम बघून घेईल. आपण फक्त मोडेमशी एक वेग पक्का करू."

"इंदूरला न विचारता?"

"हो. न विचारता."

तिनं युनिक्समध्ये केबलचा एकच मोठा वेग बांधून टाकला आणि मलाही हुकूम दिला, केबलवरचा वेग बदलायचा नाही. माझ्याजवळ माहिती जास्त साठली तर कॉम्प्युटरला थांब म्हणायचं. एवढंच तर मला हवं होतं! मी किंचाळलो, जोडला गेलो आणि एकेक औषध सुखरूप पोचवलं. इंदूरचं उत्तर आलं: सगळं मिळालं, ग्वाल्हेर चालू ठेवा.

आता मी कपाटात असतो. भंगारात दिलंत तरी तक्रार नाही. फक्त एवढं करा, दूरच्या थोरामोठ्यांचा वेग विचारण्याआधी शेजारच्याशी जुळवून घ्या.

त्या शनिवारी संध्याकाळी मी लाइन सोडताच शरयूनं घरी फोन लावला. फोन माझ्याच पाठीला जोडलेला, म्हणून मी ऐकलं.

"आई, नाही जायचं आपल्याला. कुठ्ठेच नाही."

पलीकडून लीलाबाई म्हणाल्या, "मग येताना जरा लवकर ये गं. भांडी बांधून ठेवलीत मी, गाठी सुटत नाहीयेत."