लोकरीच्या अस्तराची गवसणी

मी एक जुनी गवसणी आहे, बंदुकीची. मित्रांनो, माणसे आकाशाला गवसणी घालण्याच्या गोष्टी करतात, पण माझ्या माहितीत ते अजून कोणाला जमलेले नाही. मी मात्र एका बंदुकीला अगदी नेमकी बसले होते आणि त्याचा मला भारी तोरा होता. तो तोरा कसा उतरला, ते आज सांगते.

मला बाबांनी शिवले. बाबा म्हणजे चामड्याच्या पिशव्या शिवणारे कारागीर. एका खोलीचे दुकान, त्यात लांब टेबल, मेण लावलेला दोरा, आरी आणि कातड्याचा वास. त्यांची धाकटी मुलगी नेमबाज. तिला स्पर्धेसाठी स्वतःची रायफल मिळाली, तेव्हा बाबांनी गिऱ्हाइकांची कामे बाजूला सारली आणि दहा दिवस मलाच घेऊन बसले. बाहेरून जाड चामडे, आतून बोटभर लोकरीचे अस्तर. "माझ्या लेकीच्या बंदुकीला थंडी वाजायला नको," ते म्हणाले. "मला इतक्या वर्षांत साधी पर्स शिवली नाहीत," असे म्हणून आई तोंड फिरवून हसली.

दोन वर्षे मी मिरवले. नेमबाजीच्या मैदानावर मुली मला हात लावून बघत. सराव संपला की धाकटी रायफल माझ्यात घालायची, तिन्ही पट्टे आवळायची आणि घरी येऊन मला लोखंडी कपाटात उभी करायची. कपाटाची किल्ली आईकडे आणि काडतुसे दुसऱ्याच कुलपात. माझ्याइतकी काळजी कोण घेणार, असे मला वाटायचे. खरे सांगायचे तर कपाटाची मला कीव यायची. बिचारे नुसते पत्र्याचे!

मग धाकटीचे मनगट मुरगळले. दोन महिने सराव बंद. रायफल माझ्या कुशीत तशीच राहिली, धाकटीच्या घामेजल्या तळव्यांचे ठसे अंगावर घेऊन. बाहेर हवा दमट झाली. माझ्या लोकरीने ती ओल पिऊन घेतली आणि वरच्या जाड चामड्याने ती बाहेर जाऊ दिली नाही. मी आपली समजत होते, की मी तिला ऊब देते आहे.

दोन महिन्यांनी धाकटीने पट्टे सोडले आणि रायफल बाहेर काढली. रायफलीच्या नळीवर तपकिरी पट्टा उमटला होता. निवड चाचणी नऊ दिवसांवर होती आणि गेल्या वर्षी तिची निवड एका गुणाने हुकली होती.

ती आम्हा दोघींना घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे धावली. त्यांनी रायफल रिकामी असल्याची आधी खात्री केली, मग नळी उजेडात धरली, आणि मग माझ्यात हात घातला.

"पोरी, ही बाहेरून ठणठणीत दिसते, पण आतून ओली आहे. बंदूक हिनंच खाल्ली."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दोन वर्षे कौतुक ऐकायची सवय आणि हे ऐकायला लागावे!

मिस्त्रींनी तेल लावून बारीक तारेच्या काथ्याने गंज हलक्या हाताने उतरवला. "नशीब तुझं, नळी आतून शाबूत आहे," ते म्हणाले. "पण पुन्हा गंज चढून आत गेला, तर ही नळी भंगारात. घरी बंदूक मोकळी ठेवायची. ही पिशवी फक्त ने-आण करायला."

"हो काका," धाकटी म्हणाली.

घरी बाबा दारातच उभे होते. "काय गं, काय म्हणाले मिस्त्री?"

"काही नाही बाबा. जरा तेलपाणी केलं."

आणि त्यांच्या देखत तिने रायफल पुन्हा माझ्यात घातली. मला ओरडावेसे वाटले, पण गवसणीला तोंड असते ते फक्त उघडायला आणि मिटायला. पुढचे पाच दिवस हेच चालले. रोज ती रायफल पुसायची, रोज बाबा कौतुकाने बघत बसायचे, आणि रोज ती पुन्हा माझ्या ओल्या लोकरीत यायची. पाचव्या दिवशी नळीच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्याएवढा डाग दिसला. धाकटी पलंगाच्या काठावर बसून राहिली. तरी बाबांना तिने सांगितले नाही.

सहाव्या दिवशी ती रायफल टेबलावर ठेवून पुसत होती. तेवढ्यात बाबांनी मला उचलले. चाचणीसाठी तिचे आवाज अडवणारे कानात घालायचे बोळे ठेवायला आत छोटासा कप्पा शिवावा, असे त्यांच्या मनात आले होते. त्यांनी मला उलटी केली. पांढऱ्या लोकरीवर नळीच्या लांबीएवढी तपकिरी रेघ होती. बाबांनी अस्तर गालाला लावून पाहिले. चाळीस वर्षे चामड्यात घालवलेल्या माणसाला ओल काय ते सांगावे लागत नाही.

"मिस्त्री हेच म्हणाले ना?"

धाकटीने होकारार्थी मान हलवली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं शिवलीत, बाबा. कसं सांगणार?"

बाबांनी मला टेबलावर आडवी ठेवली. मग म्हणाले, "वेडी का खुळी तू? माझ्या हौसेपायी तू पुन्हा हुकली असतीस, तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? जा, कात्री आण."

त्यांनी एकेक टाका स्वतःच्या हाताने उसवला. दुखले मला, खोटे कशाला बोलू? पण अस्तर निघाले आणि माझ्यातून हवा खेळू लागली, तेव्हा मला पहिल्यांदा हलके वाटले. तो बारीक डाग मिस्त्रींनी त्याच दुपारी काढला आणि या खेपेला बाबा स्वतः सोबत गेले.

तेव्हापासून आमच्या घरची रीत बदलली आहे. सराव संपला की धाकटी रायफल रिकामी असल्याचे दोनदा बघते, गजाला कापड गुंडाळून नळी आतून पुसते आणि बाहेरून थेंबभर तेलाचा हात फिरवते. थेंबभरच, कारण जास्त झाले तर ओघळून लाकडी दस्त्यात मुरते. मग रायफल मोकळीच कपाटात उभी राहते. ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्यांचे खाते आईकडे आहे. दर रविवारी ती चष्मा लावून बघते आणि निळे दाणे गुलाबी झाले, की "प्यायले गं बाई पोटभर!" म्हणत ते गरम करून सुकवते.

धाकटीची निवड झाली, दोन गुण राखून. मैदानापर्यंत रायफल मीच नेली आणि पोचताच मोकळी झाले.

मित्रांनो, बंदूक मोठ्यांच्या कुलपातच बरी, तिला तुम्ही हात लावायचा नाही. पण तुमची कात्री असो, सायकल असो, लोखंडाला ओल आणि घाम यांचे वावडे असते. वस्तू वापरून झाली की पुसा, तिला हवा लागू द्या. आणि कोणाच्या मायेनेच काही बिघडत असेल, तर त्याला वेळेवर सांगा. तो रागावणार नाही.

आता मी कपाटाशेजारी खिळ्याला तोंड उघडे ठेवून लटकते. परवा एक पाहुणे म्हणाले, "इतकी सुंदर गवसणी आणि रिकामीच?"

"रिकामी आहे म्हणून तर बंदूक धड आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी माझ्यावरून हात फिरवला.