तिसऱ्या फेरीतला बाक

"धरा म्हणते ना!" धाकटी तिसऱ्यांदा नवऱ्यावर ओरडली.

"नाही धरणार," धाकटा म्हणाला आणि बांधावर बसून राहिला.

बैल जुंपलेले होते. पाभर रानात उभी होती. धाकटीच्या कमरेला हरभऱ्याच्या बियाण्याची ओटी बांधलेली होती. चार फणांची पाभर; एकानं मागं उभं राहून तिच्यावर भार द्यायचा, बैल हाकायचे आणि दुसऱ्यानं बरोबरीनं चालत चाड्याच्या लाकडी वाटीत मूठमूठ बी सोडायचं. बी सोडायला धाकटी होती. हाकायला कुणी नव्हतं. म्हणजे एक अठ्ठेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस बांधावर होता, पण त्याच्या स्वतःच्या मते तो हिशेबात धरण्यासारखा नव्हता.

पावसानं जाता जाता शेवटचा सपाटा दिला होता आणि त्यावर चार दिवस कोरडं वारं सुटलं होतं. काल मातीत बोट खुपसलं की पहिल्या पेराला ओल लागायची. आज दुसरं पेर बुडवावं लागत होतं. उद्या टाकलेलं बी कोरड्यात पडलं असतं, मुंग्यांनी नेलं असतं आणि थंडीभर रान मोकळं राहिलं असतं. घरातलं खाणं आणि बैलांचा भुसा, दोन्ही याच रानातून यायचं. ट्रॅक्टरवाल्यानं पुढच्या आठवड्यातला वार दिला होता, तोही उपकार केल्यासारखा.

पेरायचं काम दरवर्षी थोरल्या भावाचं, दादाचं. पण चार दिवसांपूर्वी दादाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी अजून होती. वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. डावा डोळा तर केव्हाचाच निकामी होता.

"अहो, पाभर आहे ती, विमान नाही," धाकटी म्हणाली.

"सगळ्या गावाला माहितीय मी कसा पेरतो ते."

हे मात्र खरं होतं. सोळाव्या वर्षी धाकट्यानं पहिल्यांदा पाभर धरली, बैल बुजला आणि पुढच्या ओळी बुजलेल्याच उगवल्या. लोक बघायला आले. शाळेचे मास्तर चौथीचा वर्ग घेऊन आले आणि बांधावरून छडीनं त्यांनी पोरांना नदीची वळणं समजावली. त्या दिवसापासून धाकट्याचं नाव 'वाकड्या' पडलं. मास्तर वारले, पोरांची पोरं शाळेत गेली, पण नाव काही पुसलं गेलं नाही.

सुरुवातीला त्याला ते लागलं. मग सवय झाली. मग, खोटं कशाला बोला, ते त्याच्या सोयीचं पडलं. गावच्या बैठकीत कुणी मत विचारलं की तो म्हणायचा, "मी काय, वाकडा माणूस." जमिनीच्या मोजणीला जायची वेळ आली, तरी तेच. मुलीसाठी स्थळ बघायचं होतं, तेव्हाही तेच म्हणून त्यानं सगळं दादावर टाकलं. वाकडेपणाचा त्याला पगार नव्हता, पण भरपगारी रजा मात्र बत्तीस वर्षं मिळत आली होती.

पेरणीत त्याला एकच काम होतं. रानाच्या पलीकडच्या टोकाला पांढरा बनियन घालून ताठ उभं राहायचं. दादा बैलांच्या शिंगांमधून त्याच्यावर नजर धरून यायचा. दादा पोहोचला आणि वळला की धाकट्यानं टाचेला चवडा लावत नऊ पावलं बाजूला सरकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. वळलेला दादा मग उमटलेल्या ओळीच्या कडेकडेनं परत जायचा. खांबाचंच काम, फक्त खांबाला चहा पाजावा लागत नाही.

"दादा, तुम्ही तरी सांगा यांना," धाकटी म्हणाली.

दादा बाभळीखाली काठी धरून बसला होता. काठीनं त्यानं पायाजवळचं ढेकूळ फोडलं. मग तोंड वाकडं करून म्हणाला, "तीन वर्षं झाली, मला बैलांच्या पुढचं दिसत नाही."

"म्हणजे?" धाकटा उठूनच उभा राहिला.

"म्हणजे म्हणजे काय? दिसत नाही. पांढरं काहीतरी दिसायचं टोकाला. त्याच्यावर बैल घालायचो. तू कुठं उभा आहेस ते तुझं तू बघत होतास. रान सरळ निघायचं."

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?"

"मग केव्हा सांगायचं? सांगितलं असतं तर पाभर कुणी धरली असती? तू?"

धाकटीनं कपाळावर हात मारला. "एकाला दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला येत नव्हतं! आणि मी या दोघांच्या भरवशावर चूल पेटवत होते!"

धाकट्याला हसू आलं नाही. तीन वर्षांच्या ओळी त्याच्या डोळ्यांपुढं आल्या. सुतासारख्या. लोक बांधावर थांबून दादाच्या हाताचं कौतुक करायचे आणि तोही मान डोलवायचा. त्याला आधी दादाचा राग आला. मग असं वाटलं की कुणीतरी आपली जुनी, मळलेली, पण अंगाला बसलेली गोधडी ओढून घेतंय.

"टोकाला कोण उभं राहणार?" त्यानं शेवटचा बांध घातला.

"मी," दादा म्हणाला. "डॉक्टरनं वाकायला नको म्हटलंय. उभं राहायला नको म्हटलेलं नाही."

धाकटीनं त्याला बांधानं हात धरून पलीकडं नेलं. तिथं तो काठीवर हात ठेवून, डोळ्यावरची पांढरी पट्टी रानाकडं करून उभा राहिला. धाकट्यानं पाभर धरली. हाक इतकी हळू मारली की बैलांनीच मागं वळून पाहिलं.

पहिली फेरी गेली. टोकाला पोहोचून त्यानं मागं पाहिलं. ओळी सरळ होत्या. बैलांची पुण्याई, असं तो मनाशी म्हणाला. परतीची दुसरी फेरीही सरळ आली. तेव्हा तो म्हणाला, रान सपाट आहे. माणसाला स्वतःवर विश्वास ठेवायचा नसला की कारणं कमी पडत नाहीत.

तिसरी फेरी अर्ध्यात होती तेवढ्यात रस्त्यावरून सायकलची घंटी वाजली. गावातली बातमी गावाच्या आधी ज्याला कळायची आणि म्हणून ज्याला सगळे रेडिओ म्हणायचे, तो पाय टेकून उभा होता.

"काय वाकडोजीराव! यंदा नदी कुठवर नेणार?"

धाकट्यानं तिकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. पण माणसानं मान वळवली की हात वळतो आणि हात वळला की पाभर. खाली बघतो तर ओळ बाहेर गेलेली. बैल थांबले.

"झालं," तो म्हणाला. "मी म्हणत नव्हतो?" त्याच्या आवाजात दुःख होतं, पण आपलंच खरं ठरल्याचं एक समाधानही होतं. ते धाकटीनं बरोबर हेरलं.

"बरं वाटलं का आता?" ती हळू आवाजात म्हणाली.



"का थांबलास रे?" टोकावरून दादा ओरडला.

"वाकडं गेलं!"

"किती?"

असा प्रश्न बत्तीस वर्षांत त्याला कुणी विचारला नव्हता. वाकडं म्हणजे वाकडं. त्यात किती ते काय? तो खाली बसला. सरळ ओळ जिथून जायला हवी होती तिथं अंगठा टेकला आणि हात पसरला.

"वीतभर!"

"मग पुढचं सरळ घे. मी काय दिवसभर उभा राहू का इथं?"

"मला बत्तीस वर्षं उभं केलंस ते!"

"बसायला कुणी नको म्हटलं होतं?" दादा ओरडला. रेडिओला यातलं कुठलं वाक्य आधी गावात न्यावं ते कळेना, म्हणून तो तसाच निघाला.

धाकट्यानं पाभर पुन्हा ओळीवर आणली. त्यानंतर अकरा फेऱ्या झाल्या. दिवस कलायच्या आत रान पेरून झालं, ओल हातात असतानाच.  दादाचे पाय सुजले होते.

आठ दिवसांनी हरभरा उगवला. त्याच दिवशी दादा तालुक्याहून परत आला. पट्टी निघाली होती, नजर आली नव्हती. फार उशीर केलात, डॉक्टर म्हणाले होते. तीन वर्षांपूर्वी आला असतात तर. दादानं ते घरात सांगितलं आणि लगेच विचारलं, "उगवलंय का?"

तिघं रानावर गेले.

"कसं आलंय?"

"छान आलंय, दादा," धाकटी म्हणाली.

"तू बायको आहेस त्याची. रेडिओ म्हणतो नदी आहे. त्याचंही मी धरत नाही." दादानं तोंड धाकट्याच्या दिशेला वळवलं. "तू सांग."

मी काय, हे शब्द धाकट्याच्या ओठांवर आलेच होते. पण समोरच्या माणसाला खरंच दिसत नव्हतं आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं. त्यानं खाली वाकून एकेका ओळीवरून नजर नेली. अजिबात घाई केली नाही.

"तिसऱ्या फेरीत मध्यावर वीतभर बाक आहे. बाकी सगळं सरळ आहे."

दादानं चपला काढल्या. काठी धाकटीकडं दिली. "तिसरीत नेऊन उभा कर."

दोन ओळींच्या मध्ये त्यानं पाऊल ठेवलं आणि दोन्हीकडची कोवळी रोपं पावलांच्या कडांना लागत आहेत ना, हे चाचपत तो निघाला. मध्यावर गेल्यावर थांबला. पाय बाहेरच्या बाजूला सरकला, मग परत आत आला. पुढं सलग टोकापर्यंत गेला. रोपावर पाय पडला नाही.

टोकावरून त्यानं आवाज दिला.

"दीड वीत आहे!"

"वीतच आहे!" धाकटा ओरडला. "मी मोजलीय!"

 दादा वळला आणि पायानं पुढच्या फेरीतली ओळ शोधू लागला.