पाण्याखालची वाट

गेम म्हणजे धाडधाड गोळ्या आणि आरडाओरडा, अशीच करुणाची समजूत होती. कळमनुरीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती टायपिंग शिकवायची, आणि तिची पाठ वळली की तिचे विद्यार्थी तेच खेळायचे. मग एका दुपारी क्लासच्याच एका लॅपटॉपवर तिला भलताच गेम सापडला. त्यात एक म्हातारा रिकाम्या घरात फिरून झाडांना पाणी घालायचा, बस्स. कुणी मरत नव्हतं, कुणी जिंकत नव्हतं. शेवटी बनवणाऱ्यांची नावं आली, तर एकच नाव. कुठल्याशा लांबच्या देशातल्या बाईनं सगळं एकटीनं केलं होतं. करुणा कितीतरी वेळ त्या नावाकडं बघत बसली.

आपल्याला काय बनवायचंय हे तिला तिथंच कळलं. त्यांचं जुनं गाव सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याखाली होतं. करुणाच्या जन्माच्या कितीतरी आधी ते बुडालं, पण तिची आत्या पद्माबाई लहानपणी त्याच गावात वाढलेली. करुणाची आई लवकर गेली, तिला आत्यानंच मोठं केलं. भाकरी थापता थापता आत्या मधेच थांबायची आणि म्हणायची, "एकडाव घराच्या उंबऱ्यावर बसून यावं वाटते गं." पाण्याखालच्या उंबऱ्यावर माणूस बसणार कसं? करुणानं ठरवलं, बसवायचं.

फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, व्हिडिओ बघितले, आणि धडपडत, रडत, शिव्या घालत तिनं गाव उभं केलं. कुठं काय होतं ते सांगितलं संतरामबाबांनी. हे नव्या गावातले जुने शेतकरी, जुन्या गावाचं नाव काढलं की चहा गार होईस्तोवर बोलणारे. वेस, पार, चावडी, मधली मोठी विहीर. "आन् तुमची घरं पार पल्याडच्या अंगाला," असंही ते म्हणाले. करुणानं सगळं बराबर मांडलं. वर हिरवं पाणी, त्यातून झिरपणारं ऊन. दारांतून मासे आत-बाहेर करायचे, पारावरच्या पिंपळाची पानं सावकाश हलायची, गेममध्ये चालणाऱ्या बाईचे पाय जमिनीला जेमतेम टेकायचे. करुणा स्वतःच त्यात तासन्‌तास फिरायची. मग बसच्या खिडकीतून बघितलं तरी हळदीच्या रानावरून मासे चाललेत असं तिला वाटायचं.

एका रविवारी दुपारी तिनं लॅपटॉप आत्यापुढं ठेवला. आत्याला घर सापडलं नाही तर एवढी मेहनत पाण्यात जाणार होती, आणि पाण्यात तर ती आधीच होती.

"हे दाबलं की पुढं, हे दाबलं की वळायचं," करुणानं समजावलं.

पडद्यावरची बाई वेशीपुढं उभी होती. वेस उघडी, आत सरळ रुंद रस्ता. "अगं बया, हीच की!" आत्या म्हणाली, आणि डावीकडं वळली.

"आत्या, रस्ता समोर हाय."

"समोरून काहून? घरी इकडून जायाचं."

वेशीच्या भिंतीपासून चार हात लांब राहून आत्या चालत सुटली. तिकडं करुणानं काहीच बनवलं नव्हतं. जमीन संपली आणि बाई हिरव्या पाण्यात खाली खाली जात राहिली.

"बुडाले गं!" आत्याला हसू आलं. "आपली वाट कुठं गेली?"

"कोणती वाट?"

"नाल्याच्या कडंची. आमी वेशीतून कवा गेलो? गावातून जाऊच देत नव्हते आमाला." भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशी ती बोलली.

करुणाचे कान तापले. चौदा एप्रिलला स्टेजवर ती यावर तावातावानं बोलली होती. टाळ्याही मिळाल्या होत्या. आणि आत्याला तिनंच वेशीपुढं आणून उभं केलं होतं. संतरामबाबा खोटं बोलले नव्हते, ती वाट त्यांच्या पायाखाली कधी आलीच नव्हती. तिला त्यांचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. घरातल्या माणसाला विचारायचं सोडून ती गावभर विचारत फिरली होती.

मग आत्या रोज शेजारी बसून सांगू लागली. इथं नाला, इथं वाकडी बाभूळ, इथं लेकरं चिखलात घसरायची. करुणा ऐकत ऐकत वाट पुढं नेत राहिली.

वाट पुरी झाली त्या दुपारी आत्या नाल्याकडंनं निघाली, कुठं न चुकता घरी पोचली आणि उंबऱ्यावर बसली. एक मासा तिच्या बाजूनं घरात गेला. आत्याचे डोळे भरून आले. करुणालाही रडू आवरेना. गेम इथंच संपत होता.

पण आत्या उठली. घर मागं टाकून ती मोठ्या रस्त्याला लागली, मधोमध चालत गावात शिरली आणि विहिरीपाशी थांबली. मागं वळून बघितलं. कुणी हाकलायला येत नव्हतं.

"करुणा, पाणी शेंदायचं बटन कोणतं?"

विहीर नुसती शोभेची होती. "ते न्हाई बनवलं, आत्या."

"मंग बनव," पडद्यावरची नजर न काढता आत्या म्हणाली. "तवर मी इथंच उभी हाय."